दोन काचांची दुर्बीण: गॅलिलियन बायनॉक्युलर ओळखायची, तपासायची आणि घरी बनवायची कशी

जत्रेत किंवा महाबळेश्वरच्या पॉइंटवर स्वस्तातली प्लॅस्टिकची दुर्बीण मिळते ना, आणि मुंबईच्या चोर बाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात कधीतरी पितळेची, शिंपल्याची नक्षी असलेली जुनी ऑपेरा ग्लास (नाटक बघायची छोटी दुर्बीण) दिसते, त्या दोघींच्या पोटात बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. पुढे एक बहिर्गोल भिंग, डोळ्याजवळ एक अंतर्गोल भिंग, बास. प्रिझम नाही, आरसा नाही, काही नाही. ह्या प्रकाराला गॅलिलियन म्हणतात. नवीन माणूस ह्यातली एखादी उचलतो, डोळ्याला लावतो, 'हे तर काहीच जवळ आणत नाही' म्हणून परत ठेवतो, आणि शेजारी ठेवलेली '३० एक्स' छापलेली उचलतो जी त्याहून बेकार असते.

तर आधी एक गोष्ट पक्की करून टाकू, बाकी सगळं तिच्यावरच चालतं: ह्या दुर्बिणीत पुढची काच मोठी असते ती जास्त उजेडासाठी नाही, जास्त दृश्य दिसावं म्हणून. आणि पट (वस्तू किती पट मोठी दिसते तो आकडा, दुकानदाराचा 'एक्स') वाढवले की ते दृश्य झपाट्यानं आक्रसतं. म्हणून २ ते ४ पट हीच हिची खरी जागा, ५ म्हणजे डोक्यावरून पाणी.

थोडा इतिहास, पटकन. ऑक्टोबर १६०८ मध्ये हान्स लिपरहे नावाच्या चष्मे बनवणाऱ्यानं हेगमध्ये डच सरकारकडे दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं नाही, कारण ही युक्ती इतरांनाही माहीत आहे असं निघालं, पण सरकारनं त्याला सांगितलं की दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून दे, आणि त्यानं त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत करूनही दिली. म्हणजे दुर्बीण आणि बायनॉक्युलर जवळजवळ जुळी भावंडं आहेत, गॅलिलिओनं आकाशाकडे नळी वळवायच्या आधीच दोन नळ्यांची मागणी आलेली होती. मग मधली दोनशे वर्षं हा प्रकार फारसा चालला नाही कारण दोन नळ्या एकमेकींना समांतर ठेवणं महाकठीण. १८२३ ला व्हिएन्नात फॉइग्टलेंडरनं दोन नळ्यांची नाटकाची दुर्बीण आणली, १८२५ ला पॅरिसमध्ये लेमिएरनं मधोमध एक चाक बसवलं ज्यानं दोन्ही बाजू एकदम फोकस होतात, आणि तिथून पुढे पॅरिसच्या कारखान्यांनी ह्या ऑपेरा ग्लास जगभर पाठवल्या. आपल्याकडच्या जुन्या बाजारात दिसतात त्यातल्या बऱ्याच तिथल्याच, काचेच्या कडेच्या पितळेवर पॅरिस कोरलेलं दिसेल.

आता आत काय होतं ते बघा. पुढचं बहिर्गोल भिंग लांबून आलेले किरण एकत्र आणायला लागतं, पण ते एका बिंदूत भेटायच्या आधीच अंतर्गोल भिंग त्यांना अडवतं आणि परत समांतर करून डोळ्यात पाठवतं. किरण मध्ये कुठेही भेटत नाहीत, म्हणून चित्र उलटं होतच नाही, सुलट करायला प्रिझमचा खर्च नाही. केप्लरनं १६११ मध्ये डोळ्याकडेही बहिर्गोल भिंग वापरायची कल्पना मांडली, त्यात दृश्य मोठं मिळतं पण चित्र उलटं, आणि ते सुलट करायची सोयीची प्रिझमवाली युक्ती इटलीच्या पोरोनं १८५४ ला पेटंट केली, ती चांगल्या काचेनिशी बाजारात यायला १८९४ साल उजाडलं, झाइस ह्या जर्मन कंपनीकडून. तोवर हातात धरायची दोन डोळ्यांची दुर्बीण म्हटली की ही दोन काचांचीच.

गणित सोपं आहे. पुढच्या भिंगाची फोकल लेंथ (लांबून आलेले किरण भिंगापासून जितक्या अंतरावर एका बिंदूत भेटतात ते अंतर) भागिले मागच्याची, म्हणजे पट. पुढच्यातून मागची वजा केली की दोन भिंगांमधलं अंतर. पुढे २५ सेंमी, मागे १० सेंमी, तर अडीच पट आणि लांबी १५ सेंमी. अंतर वजाबाकीनं येतं म्हणून ही दुर्बीण इतकी बुटकी असते, खिशात मावते.

दृश्याचं मात्र जरा नीट समजून घ्या. प्रिझमच्या दुर्बिणीत मागच्या काचेच्या बाहेर, हवेत, उजेडाची एक छोटी चकती तयार होते आणि आपण डोळ्याची बाहुली बरोबर त्या चकतीवर नेतो, त्यामुळे सगळं दृश्य एकदम डोळ्यात शिरतं. गॅलिलियनमध्ये ती चकती नळीच्या आत अडकलेली असते, तिथे डोळा नेताच येत नाही. मग आपलं होतं असं की खिडकीपासून लांब उभं राहून बाहेर बघतोय, खिडकी जेवढी मोठी आणि आपण जेवढे जवळ तेवढा रस्ता दिसणार. इथे खिडकी म्हणजे पुढची काच. म्हणूनच कडा कधी धारदार दिसत नाही, हळूहळू काळी होत जाते, ते दुर्बीण खराब असल्याचं लक्षण नाही.

आकड्यात हवं असेल तर हे घ्या: ५७ गुणिले पुढच्या काचेचा व्यास, भागिले (पट × (नळीची लांबी + पट × डोळ्याचं मागच्या काचेपासूनचं अंतर)). सगळं मिमीमध्ये टाका, उत्तर अंशात येईल. ५८ मिमीची काच, अडीच पट, १५० मिमी नळी, डोळा १५ मिमीवर: साधारण ७ अंश, म्हणजे १ किमीवर १२० मीटरच्या आसपास रुंदीचा पट्टा दिसतो. छान आहे. आता तीच पुढची काच ठेवून मागे जास्त जोरदार भिंग लावून ८ पट करा, दृश्य सव्वा अंशावर येतं. १ किमीवर जेमतेम २१ मीटर. ८ पटाची चांगली प्रिझमवाली ७-८ अंश सहज दाखवते. गॅलिलिओच्या २० पटाच्या नळीत तर अख्खा चंद्रसुद्धा एका वेळी मावत नसे, आणि तरी त्यानं जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र शोधले, त्या चिकाटीला नमस्कार.

आणि उजेडाचं काय? २ पटाची दुर्बीण, रात्रीची बाहुली ६ मिमी, तर पुढच्या काचेचा मधला फक्त १२ मिमी भाग एका वेळी कामाला येतो. बाकीची काच दृश्याच्या कडांसाठी. पण एक फायदा जबरदस्त: एका बाजूला चारच पृष्ठभाग. काचेवर कोटिंग (उजेड परत फेकला जाऊ नये म्हणून चढवलेला पातळ थर) नसलं की प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड परत फेकतो, चार पृष्ठभागांतून ८५ टक्के पोचतो, आणि जुन्या बिनकोटिंगच्या प्रिझमच्या दुर्बिणीत दहा पृष्ठभाग धरले तर ६६ टक्केच. कोटिंगचा शोध झाइसमध्ये १९३५ ला लागला, तोपर्यंत रात्री समुद्रावर पहारा करायला मोठ्या काचेच्या, कमी पटाच्या गॅलिलियन दुर्बिणी टिकून राहिल्या त्या उगाच नाही.

पायरी १: हातातली दुर्बीण कुठल्या जातीची ते ओळखा

दुकानदार काय म्हणतो ते सोडा. दुर्बीण उजेड असलेल्या खिडकीकडे धरा, पुढची काच खिडकीकडे, आणि मागच्या काचेमागे एक पांढरा कागद एक-दोन सेंमीवर मागेपुढे करा. कागदावर छोटी स्वच्छ गोल चकती उमटली तर ती प्रिझमची. नुसता पसरट उजेड पडला, चकती बनतच नाही, तर गॅलिलियन. दुसरी खूण म्हणजे मागच्या काचेवरून अलगद तिरपं बघा, काच आत खोलगट गेलेली दिसते.

पट मोजायचे तर विटांची भिंत, फरशा किंवा लोखंडी गेटचे गज शोधा. एका डोळ्यानं दुर्बिणीच्या एका नळीतून, दुसऱ्या डोळ्यानं सरळ उघडं बघा, दोन्ही चित्रं एकमेकांवर सरकवा, आणि दुर्बिणीतला एक गज उघड्या डोळ्याच्या किती गजांएवढा दिसतो ते मोजा. '१० एक्स' लिहिलेलीत बऱ्याचदा जेमतेम तीन भरतात. दुकानदाराशी भांडू नका, त्यालाही माहीत नसतं.

पायरी २: जुनी ऑपेरा ग्लास विकत घ्यायच्या आधी

पहिलं, दोन्ही डोळ्यांनी लांबचा विजेचा खांब आणि त्याची आडवी पट्टी बघा. खांब दोन दिसले, किंवा एकच दिसतोय पण कपाळात ताण येतोय, तर नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत. डावी-उजवीकडची थोडी चूक डोळे सांभाळून घेतात, वर-खालची अजिबात नाही, त्यामुळे आडवी पट्टी दोन दिसत असेल तर सरळ खाली ठेवा. कधीतरी पडलेली असणार आणि मधला पूल वाकलेला असणार.

दुसरं, पुढच्या काचेत बल्बचं प्रतिबिंब बघा. दोन ठळक आणि त्यांच्यासोबत एक अगदी फिकट तिसरं दिसलं तर पुढे दोन भिंगं चिकटवलेली आहेत, क्राउन आणि फ्लिंट ह्या दोन वेगळ्या जातींच्या काचेची जोडी, लंडनच्या डॉलंडनं १७५८ ला जिचं पेटंट घेतलं तीच युक्ती, त्यामुळे पांढऱ्या वस्तूंच्या कडेला निळी-लाल झालर येत नाही. फक्त दोन दिसली तर एकेरी भिंग, हलका माल. काही फ्रेंच दुर्बिणींवर '१२ काचा' अशा अर्थाचं फ्रेंचमध्ये कोरलेलं असतं, त्यात एका बाजूला पुढे तीन आणि मागे तीन भिंगं चिकटवलेली असतात, अशी मिळाली तर फार घासाघीस न करता घ्या. काचेच्या कडेनं पिवळट नाहीतर इंद्रधनुष्यी डाग पसरलेला असेल तर चिकटवलेला डिंक सुटायला लागलाय. कडेलाच असेल तर चालतं, मध्यावर आला असेल तर सोडा.

तिसरं, चाक फिरवून बघा. दोन्ही मागच्या नळ्या एकदम वर-खाली झाल्या पाहिजेत, एक बाजू मागे राहत असेल तर आटे झिजलेत. बहुतेक जुन्यांना मधे बिजागरी नसते, डोळ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, पण ह्याची फार काळजी नको. २५ मिमीची काच आणि ३ पट म्हटलं की ८ मिमीपेक्षा मोठा झोत मिळतो, बाहुली थोडी इकडेतिकडे असली तरी दिसतं.

आणि शिंपल्याच्या नक्षीला भुलू नका. तिचे पैसे वेगळे आणि काचेचे वेगळे.

पायरी ३: घरी बनवा

माझ्या मते ही पायरी शाळेतल्या पोरांना तर करायलाच लावावी, प्रकाशाचा धडा जेवढा फळ्यावर कळत नाही तेवढा ह्यात कळतो. चष्म्याचा नंबर म्हणजेच फोकल लेंथ, फक्त उलटी: १०० भागिले नंबर, उत्तर सेंमीमध्ये. चष्म्याच्या दुकानात जाऊन प्लस ४ ची दोन आणि मायनस १० ची दोन भिंगं मागा, सिलिंडर (तिरप्या नजरेसाठीचा वेगळा नंबर) नको, बायफोकल नको, साधं सीआर-३९ प्लॅस्टिक सांगा. दुकानदार 'पातळ, हाय इंडेक्स घ्या' म्हणेल, ते नको, त्यात रंगाची झालर जास्त येते. प्लसची भिंगं गोल, ५८ मिमीला कापून घ्या, मायनसची ३५ ला, आणि भिंगाचं केंद्र बरोबर मधोमध ठेवायला बजावून सांगा.

नळ्यांसाठी शेतात वापरतात तो ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या. हा आकार मुद्दाम सांगतोय, कारण मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं सरासरी अंतर साधारण ६३ मिमीच असतं, त्यामुळे दोन पाइप एकमेकांना चिकटवून शेजारी ठेवले की काम झालं. (घरातलं कोणी अगदी अरुंद चेहऱ्याचं असेल तर थोडी अडचण होईल, पण झोत इथेही मोठा आहे.) आतली बाजू काळ्या चार्ट पेपरनं मढवा, चकचकीत पांढरा पाइप तसाच ठेवला तर सगळं चित्र दुधाळ दिसतं. पुढच्या तोंडाशी प्लस भिंग, फुगीर बाजू बाहेर.

मागची मायनस भिंगं ४० मिमीच्या पाइपच्या तुकड्यांत बसवा, खोलगट बाजू डोळ्याकडे. पाइप बारीक घ्यायचं कारण नाक, दोन्हींच्या मधे नाकाला जागा पाहिजे. मोठ्या पाइपात हा छोटा पाइप मधोमध सरकावा म्हणून त्याला फोमच्या दोन रिंगा घाला, जुनी योगा मॅट कापली तरी होते. दोन्ही छोटे पाइप बाहेरच्या टोकाला एका पट्टीनं जोडून टाका म्हणजे एकदम सरकतील, लेमिएरचं चाक नसलं तरी चालतंय.

बांधायच्या आधी मात्र दोन भिंगं नुसती हातात धरून लांबचं झाड बघा, १५ सेंमीच्या आसपास चित्र स्वच्छ होईल, ते अंतर लिहून ठेवा. जवळचं बघायचं असेल तर नळी लांबवायची, जवळचं दिसतं पण लांबचं नाही असा मायनस नंबर असेल आणि चष्मा काढून बघत असाल तर आखडायची.

दोन्ही पाइप सपाट टेबलावर शेजारी ठेवूनच बांधा, हवेत धरून नको. आणि तरी चित्र दोन दिसलंच तर एक छान उपाय आहे: पुढचं भिंग चिकटवू नका, नळीत गोल फिरवत बघा. भिंगाचं केंद्र नेमकं मधे कधीच नसतं, त्यामुळे भिंग फिरवलं की चित्र एका छोट्या वर्तुळात फिरतं. दोन्ही बाजूंची भिंगं थोडी थोडी फिरवत गेलात की एका जागी आडव्या रेषा जुळतात. जुळल्या की मगच गोंद.

सूर्याकडे बघायचं नाही. घरी केलेली असो, जुनी असो, अडीच पटाची असो, सूर्याकडे वळवायचीच नाही, मावळतीच्या तांबड्या सूर्याकडेही नाही, आणि पोरांच्या हातात दिवसा एकट्यांना द्यायची नाही. उन्हात खिडकीत पडून राहू देऊ नका, ती ५८ मिमीची काच कागद पेटवू शकते.

पायरी ४: धरायची कशी आणि बघायचं काय

डोळा जेवढा काचेजवळ न्याल तेवढं दृश्य मोठं. चष्मा काढा. ३ पटाच्या, २५ मिमी काचेच्या, ५ सेंमी नळीच्या ऑपेरा ग्लासमध्ये डोळा १२ मिमीवर असताना साडेपाच अंश दिसतात, चष्म्यामुळे डोळा ३० मिमीवर गेला की साडेतीनच्याही खाली. सिलिंडर नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवूनच बघावं लागेल, त्याला इलाज नाही.

नाटकाला न्या. बाल्कनीत, रंगमंचापासून ३० मीटरवर बसलात की ३ पटात नट १० मीटरवर आल्यासारखा दिसतो, चेहऱ्यावरची रेघ न रेघ कळते, आणि एवढ्या कमी पटात हात थरथरला तरी जाणवत नाही. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत तबलजीची बोटं बघायला तर ह्यासारखं दुसरं काही नाही. घोड्यांच्या शर्यतीलाही पूर्वी हीच नेत.

पक्षी बघायला नको, स्पष्ट सांगतो. झाडावरचा शिंजीर अडीच पटात शिंजीरच राहतो, पंखावरचे रंग काही कळत नाहीत. त्यासाठी पैसे साठवून ८ पटाची प्रिझमवाली घ्या.

ह्या दुर्बिणीचं खरं सुख आहे रात्री. अडीच पट म्हणजे ताऱ्याचा उजेड सव्वासहा पट, म्हणजे साधारण दोन प्रती (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची पायरी) अंधुक तारे जास्त दिसतात, आणि तरी छोटंसं नक्षत्र एका दृश्यात मावतं. शहराच्या उजेडात कृत्तिका नुसता धूसर ठिपका वाटतात, ह्यातून मोकळ्या मोकळ्या मोजता येतात. रोहिणीभोवतीचा व्ही आकाराचा गुच्छ बरोबर भरून दिसतो. वसिष्ठाशेजारची अरुंधती, जी दाखवायला म्हातारी माणसं बोट करून करून थकतात, ती लगेच सुटी दिसते. मृगाच्या तलवारीतला धुरकट पुंजका बघा, अंधाऱ्या गावी गेलात तर देवयानी दीर्घिकाही. गुरूचे चंद्र किंवा शनीची कडी ह्यात दिसतील अशी आशा मात्र धरू नका. नुसती तारे बघायला म्हणून आता पुन्हा अशा दुर्बिणी बनतातही, व्हिक्सेन ह्या जपानी कंपनीची २.१×४२ आहे, तत्त्व तेच चारशे वर्षांपूर्वीचं, काचा मोठ्या आणि कोटिंगवाल्या.

तुमच्या दंतवैद्याच्या चष्म्यावर बसवलेल्या दोन बुटक्या नळ्या बघितल्या असतील, अडीच पटाच्या असतील तर त्या बहुतेक गॅलिलियनच असतात, फक्त हातभर अंतरावर फोकस केलेल्या. आणि फ्लॅटच्या दारातलं पीपहोल म्हणजे हीच दुर्बीण उलटी लावलेली, मोठं करायच्या ऐवजी छोटं करून जास्त दृश्य दाखवते.

ठेवायची कशी

शर्टाच्या टोकानं किंवा पदरानं काच पुसू नका. आधी हवा मारून धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि मगच गरज असेल तर लेन्सच्या कपड्यानं हलकं. जुन्या चिकटवलेल्या भिंगांना स्पिरिट लावू नका, डिंक सुटतो, आणि ती उघडून सुटी करायचा उद्योग तर मुळीच नको. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवूच नका, चामडं ओल धरतं आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते जी मग काच खाते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत आत.